ॲनालॉग सिंथ घ्यावा का? लॅपटॉपात सगळं असताना?

धुनकी

नमस्कार मंडळी. गेली चारेक वर्षं लॅपटॉपवर संगीत करतोय. नोकरी वेगळी, हे सगळं रात्री दहानंतरचं. पंचवीस पट्ट्यांचा एक मिडी कीबोर्ड (स्वतः वाजत नाही, कोणती पट्टी दाबली ते लॅपटॉपला सांगतो), एक ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपात आवाज नेणारा-आणणारा डबा), हेडफोन. प्लगिन्स, म्हणजे लॅपटॉपातली सॉफ्टवेअर वाद्यं, किती आहेत ते मोजायचं सोडून दिलंय. मिनीमूग या एकट्या जुन्या सिंथच्याच तीन नकला आहेत. तरी सहा महिने एकच भुंगा डोक्यात आहे, खराखुरा ॲनालॉग सिंथ, म्हणजे विजेच्या सर्किटातून थेट सूर काढणारं वाद्य, घ्यावा. रात्री व्हिडिओ बघतो तेव्हा हात शिवशिवतात आणि सकाळी वाटतं, हे नुसतं खूळ आहे.

माझे प्रश्न तीन. ऐकणाऱ्याला फरक कळतो का? घ्यायचाच झाला तर मोनो (एका वेळी एकच सूर) की पॉली (एकदम अनेक सूर)? आणि जुना घ्यावा की नवा?

पैसे साठवलेत, पण ही चैन एकदाच परवडेल. घरात एक गिटार आधीच कपाटावर धूळ खात पडलंय, त्यामुळे माझ्या वाद्यप्रेमावर घरच्यांचा फारसा भरवसा उरलेला नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काडेपेटी

नका घेऊ. झालं, संपला धागा.

(आता पुढचे पन्नास प्रतिसाद निवांत वाचतो.)

खरजवेडा

'ॲनालॉगचा आवाज उबदार असतो' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, उबदार म्हणजे नेमकं काय होतं? बहुतेक वेळा त्यामागे दोन-तीन साध्या गोष्टी निघतात.

तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा आठवा. दोन्ही षड्जाच्या, पण लावताना केसभर फरक राहिला की आवाज हेलकावे खायला लागतो. सिंथमधले दोन ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर निर्माण करणारे भाग, हेच करतात. एक २२० हर्ट्झवर आणि दुसरा २२०.५ वर असेल, तर दर दोन सेकंदांनी एक हेलकावा येतो. हे प्लगिनमध्येही होतं. फरक एवढाच की प्लगिनमधला हेलकावा घड्याळासारखा येतो, आणि खऱ्या सर्किटमध्ये दोन्ही ऑसिलेटर स्वतःच्या लहरीने किंचित सरकत असतात. दुसरा हेलकावा पहिल्याएवढाच लांब असेल याची खात्री नसते.

ते का सरकतात? बहुतेक ॲनालॉग सिंथमध्ये एका व्होल्टला एक सप्तक असा हिशोब असतो. म्हणजे एक अर्धस्वर साधारण ८३ मिलिव्होल्टचा. हा व्होल्टेज कंपनसंख्येत बदलणारा भाग ट्रान्झिस्टरच्या एका गुणधर्मावर चालतो आणि तो गुणधर्म तापमानावर अवलंबून असतो. पारा एक अंश चढला की स्वरांमधली अंतरं सुमारे ०.३३ टक्क्याने बदलतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ठरवलेल्या स्वरापासून तीन सप्तकं वर गेलात की अंशामागे १२ सेंट, म्हणजे अर्धस्वराचा आठवा हिस्सा. हे आवरायला सर्किटमध्ये उलट दिशेने वागणारा खास रेझिस्टर घालतात. त्याने बरंच सावरतं, पूर्ण नाही. म्हणून जुनी वाद्यं चालू करून वीस मिनिटं तापू द्यायची आणि मग सूर लावायचा, ही रीत पडली.

तर तुमचा पहिला प्रश्न. एकटा सूर लांबवून ऐकवलात तर सवयीच्या कानाला काहीतरी जाणवेल. ड्रम, बेस, गाणं यांच्यामध्ये तो बसवला की मलाही कळणार नाही. आणि सिंथवर माझं प्रेम आहे हे लक्षात घेऊन वाचा.

रात्रपाळी

खरजवेडा यांच्याशी सहमत, पण त्यांनी फक्त ऑसिलेटरचं सांगितलं. खरी भांडणं फिल्टरवरून, म्हणजे आवाजाचा वरचा भाग छाटणाऱ्या सर्किटावरून, होतात. मूगच्या लॅडर फिल्टरचं पेटंट १९६९चं. कटऑफच्या, म्हणजे छाटणी सुरू होते त्या रेषेच्या, वरचा भाग तो सप्तकामागे २४ डेसिबलने कापतो, आणि रेझोनन्स (त्या रेषेजवळचा आवाज उठवणारा नॉब) वाढवत नेला की खालचा बेस बारीक होत जातो. कागदावर हा दोषच. पण आख्ख्या जगाचा कान त्या दोषाला सरावलाय.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्लगिनचे फिल्टर खरंच कच्चे होते. रेझोनन्स चढवला की पत्र्यासारखे वाजायचे. वरच्या सप्तकात करवती लहर वाजवली की २२,०५० हर्ट्झ या नेहमीच्या डिजिटल मर्यादेपलीकडचे हार्मोनिक (मूळ सुराचे उपस्वर) उलटे वळून खाली येत आणि मूळ स्वराशी काही नातं नसलेली शिट्टी ऐकू येई. आता ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशोब जास्त वेगाने करणं) आहे, फिल्टरची गणितं सुधारली आहेत, त्यासाठी प्रोसेसरला घाम फुटतो हा भाग वेगळा. धुनकी, तुमच्या मनातला 'प्लगिनचा आवाज' कुठल्या सालचा आहे ते एकदा तपासा.

आमचं ऐकण्यापेक्षा परीक्षा घ्या. ज्याच्याकडे खरा सिंथ आहे त्याच्याकडून एक साधी बेसची ओळ रेकॉर्ड करून घ्या, तीच प्लगिनवर जमेल तितकी जुळवा. दोन्हींची पातळी अगदी सारखी करा, कारण जे कणभर मोठं वाजतं तेच कानाला 'भरीव' वाटतं. मग दुसऱ्या कुणालातरी नाणं उडवून दहा वेळा ऐकवायला सांगा. दहापैकी नऊ ओळखलेत तर मानलं. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता जेमतेम एक टक्का असते.

सोल्डरबाबा

जुना की नवा, यावर मी बोलतो. माझी कमाईच जुन्या वाद्यांची पोटं उघडून होते.

आधी स्वतःची फजिती. बारा वर्षांपूर्वी मी एक जुना पॉलिसिंथ घेतला, सहा आवाजांचा, म्हणजे एकदम सहा सूर वाजवणारा. नाव घेत नाही, त्यात त्या कंपनीचा काही दोष नव्हता. विकणाऱ्याकडे पाच मिनिटं वाजवून पाहिला, झकास वाजला. घरी आणून तळ उघडला तर मुख्य बोर्डाच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या भोवती, हिरवट निळी पापडी धरलेली. पॅच, म्हणजे नॉब लावून बनवलेले आवाज, लक्षात ठेवण्यासाठी आत रिचार्जेबल बॅटरी असते, ती कित्येक वर्षांत कुणी बदललीच नव्हती. रसायन पाझरून तांब्याच्या रेघा खात गेलं होतं. सुई लावून एकेक रेघ तपासली, अठरा ठिकाणी तुटलेली. केसाएवढ्या तारा जोडत तीन महिने बसलो. शेवटचं कनेक्शन जोडलं, चालू केला, आणि सहापैकी पाच आवाज आले. सहाव्यासाठी आणखी एक महिना.

तेव्हा जुना घ्यायचाच असेल तर तासभर वेळ काढून जा. पाच मिनिटांत काही कळत नाही. थंड असताना वाजवा, तापल्यावर पुन्हा वाजवा. सहा आवाजांचा असेल तर एकच पट्टी सहा वेळा सावकाश दाबा. प्रत्येक वेळी आतला वेगळा आवाज बोलतो, त्यातला एखादा मुका किंवा घोगरा असेल तर तिथेच सापडतो. १९८४च्या रोलँड जुनो-१०६ या सिंथचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या व्हॉइस चिपांवरचा लेप वयोमानाने त्रास देतो आणि आवाज एकेक करून जातात. लेप काढून चिप वाचवता येते, नव्या नकलाही मिळतात, पण हे सगळं आधी धरून किंमत ठरवा. नॉब फिरवताना खरखर येते का बघा. आवाज शून्यावर आणून कान लावा. गुणगुण ऐकू आली तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वाळलेत असं समजायला हरकत नाही.

आणि जपानी बाजारासाठी बनलेलं वाद्य असेल तर ते १०० व्होल्टवर चालतं. २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलंत की मग तुम्ही माझ्याकडे येणार. मला चालेल.

काडेपेटी

बाबा, जाहिरात करताय की घाबरवताय?

सोल्डरबाबा

दोन्ही. :)

खरं सांगायचं तर पहिलाच सिंथ असेल तर नवा घ्यावा. जुनं वाद्य हे दुसरं किंवा तिसरं लग्न असतं. एक काळ होता जेव्हा लोक ही वाद्यं फुंकून टाकत होते. १९८३ला यामाहाचा डीएक्स७ आला, पूर्ण डिजिटल, एका वेळी सोळा स्वर, सूर हलायचं नाव नाही. त्यापुढे ॲनालॉग म्हणजे अडगळ झाली. ज्यांनी तेव्हा ती अडगळ उचलली ते शहाणे. आता ती गंमत राहिलेली नाही, जुन्या नावाचेच पैसे जास्त पडतात.

एक_तार

मोनो घ्या. डोळे झाकून.

आपल्यातला कुणीही पॉली मागतो तो कॉर्डसाठी. पण आपलं गाणं एका वेळी एका सुराचं आहे. मोनोवर ग्लाइडचा नॉब थोडा उघडला की सा वरून ग वर जाताना मधली वाट ऐकू येते. पेटीवर जन्मभर वाजवलं तरी ही मींड मिळत नाही, कारण पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसतं. १९८२मध्ये संगीतकार चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीबी-३०३ (बेस), टीआर-८०८ (ड्रम) आणि ज्युपिटर-८ (पॉलिसिंथ) या यंत्रांवर राग वाजवून तबकडी काढली. शिकागोवाल्यांनी ३०३ वरून ॲसिड हाऊस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढायच्या काही वर्षं आधी. ३०३मधली स्लाइड ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. ती बनवली होती बेस गिटारवाल्याची जागा भरायला. ते काही तिला जमलं नाही, १९८४पर्यंत उत्पादन बंद पडलं.

फक्त एक गोष्ट विकत घ्यायच्या आधी तपासा, कारण यावर कुणी बोलत नाही. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर कोणती वाजते? मूळ मिनीमूगमध्ये खालची वाजते. म्हणजे सा दाबून ठेवलात आणि वर प मारलात तर काही होत नाही, सा चालूच. पेटीवाल्याची बोटं तान घेताना एकमेकांवर किंचित चढलेली असतात, पुढची पट्टी दाबली गेली की मागची सुटते. खालच्या पट्टीला मान देणाऱ्या सिंथवर अशी चढती तान घेतली की प्रत्येक सूर उशिरा येतो, जणू कुणी मागून शर्ट ओढतंय. उतरती मात्र लोण्यासारखी जाते. मला हे कळायला आठवडा लागला. तोवर मी समजत होतो की माझीच बोटं जड झालीत. आजच्या बऱ्याच सिंथमध्ये शेवटी दाबलेली पट्टी वाजते, काहींत ते बदलताही येतं.

अर्धमात्रा

मी विकला. आठ महिन्यांत. कुणीतरी हीही बाजू सांगायला हवी.

माझा मोनो होता, सुंदर होता, आणि त्याला स्मरणशक्ती नव्हती. जिथे नॉब ठेवाल तो आवाज. मी छोट्या जाहिरातींना संगीत देते. एका कामात त्यावर एक लीड, म्हणजे वरची मुख्य धून, वाजवली, सगळ्यांना आवडली. तीन आठवड्यांनी निरोप आला की बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त शेवटचे दोन सूर बदला आणि पट्टी एकने खाली घ्या. मी पॅनेलचा फोटो काढून ठेवला होता. फोटो बघून सगळे नॉब जागेवर आणले. आवाज आला, पण तो तो नव्हता. फिल्टरचा काटा फोटोत 'पाचच्या जरा पुढे' होता आणि ते 'जरा' किती हे देवाला ठाऊक. रात्री अडीचला मी ती आख्खी लीड पुन्हा वाजवली आणि क्लायंटला सांगितलं की सुधारलीये.

शिवाय प्लगिन एकाच गाण्यात सहा वेळा उघडता येतं, हा एकच असतो. एक थर वाजवा, रेकॉर्ड करा, मग दुसरा. वेळ तेवढाच जातो जेवढी गाण्याची लांबी. ज्यांना हे आवडतं त्यांना आवडतं. माझ्या कामाला ते परवडत नाही.

खरजवेडा

अर्धमात्रा, तुमचं दुःख खरं आहे, पण ते ॲनालॉगचं नाही, स्मरणशक्ती नसलेल्या पॅनेलचं आहे. १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्येच मायक्रोप्रोसेसर होता आणि चाळीस पॅच साठवता येत होते. आवाजाची वाट पूर्ण ॲनालॉग, फक्त नॉब कुठे होते हे आकड्यांत लक्षात ठेवलं जातं. आज २०१६च्या मिनीलॉगसारख्या छोट्या, चार आवाजांच्या सिंथमध्येही दोनशे जागा आहेत.

काडेपेटी

थांबा थांबा. म्हणजे ॲनालॉग सिंथच्या आत कॉम्प्युटर? मग इतके दिवस भांडतोय कशावरून?

खरजवेडा

काडी टाकलीत पण प्रश्न चांगला आहे. आतमध्ये मिश्र वस्ती असते. जुनोचंच बघा. त्यातला ऑसिलेटर कधी सुरू व्हायचा, कधी परत फिरायचा, हे डिजिटल घड्याळ ठरवतं, पण लहर तयार होते ती कपॅसिटर भरण्या-रिकामा होण्यातून, म्हणजे ॲनालॉग. म्हणून त्याचा सूर हलत नाही. मग तो सपाट वाटू नये म्हणून पुढे कोरस (आवाज दुहेरी आणि हेलकावता करणारा इफेक्ट) जोडला, आणि गंमत म्हणजे लोक जुनो घेतात तो त्या कोरससाठी. उलट मायक्रोफ्रीकसारख्या वाद्यात ऑसिलेटर डिजिटल आणि फिल्टर ॲनालॉग. तेव्हा डबीवर 'ॲनालॉग' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, नेमका कोणता भाग ॲनालॉग ते विचारा.

'पॅराफोनिक' हा शब्द दिसला तरी सावध. तिथे चार सूर एकदम वाजतात, पण त्या सगळ्यांना मिळून फिल्टर एकच. कॉर्ड धरून ठेवलीत आणि वर नवा सूर वाजवलात की नव्या सुरासाठी फिल्टर उघडतो आणि जुने सूरही त्याच्याबरोबर उजळतात. एका दारातून चौघांनी जायचं म्हटल्यावर असंच होणार. वाईट नाही, पण पॉली समजून घेतलंत तर फसाल.

खांब_गणिक_खोका

यूरोरॅकचं, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) खोक्यात जोडून बनवायच्या सिंथचं, अजून कुणी नाव कसं काढलं नाही? 

बरं केलंत. काढू नका. १९९०च्या दशकात डोपफर कंपनीने ए-१०० ही मालिका आणून जे मांडून ठेवलं त्यात मी गेली पाच वर्षं अडकलोय. मॉड्यूलची रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत असते, आणि खोक्यात तसल्या दहा पटींची जागा रिकामी दिसली की मला झोप लागत नाही. खोकं भरलं की नवं खोकं. संगीत? ते पुढच्या वर्षी.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादाला दंडवत.

धुनकी, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, त्यात चौथा राहिला. गेल्या वर्षभरात किती तुकडे पूर्ण झाले? आणि जे राहिले ते नेमके कुठे राहिले? आवाज शोधताना अडकत असाल, म्हणजे प्रीसेटच्या (तयार आवाजांच्या) यादीत तास जात असेल, तर सिंथने फरक पडेल. मांडणीत, बोलांत, मिक्समध्ये अडकत असाल तर शून्य.

खर्च करायच्या आधी फुकटात एक करून बघा. सर्ज एक्सटी किंवा व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर सिंथ उतरवून घ्या, दोन्ही मोफत आहेत. बाकीची सगळी प्लगिन्स महिनाभर लपवून ठेवा. प्रीसेट उघडायचा नाही, दर वेळी कोऱ्या पॅचपासून सुरुवात. महिन्यात कंटाळलात तर तुम्हाला सिंथ नको होता, सिंथचे व्हिडिओ हवे होते.

एक_तार

पाटी कोरी ठेवायची कल्पना चांगली आहे, पण माउसने नॉब फिरवणं म्हणजे चिमट्याने तबला वाजवणं. एका वेळी एकच गोष्ट हलते. खऱ्या पॅनेलवर डावा हात कटऑफवर, उजवा रेझोनन्सवर, आणि एक बंद होताना दुसरा उघडतो. यासाठी आठ नॉबचा कंट्रोलर घ्या असं कुणीतरी सुचवेलच. माझ्याकडे आहे. तिसरा नॉब आज कटऑफ असतो, उद्या डिले, परवा काय ते आठवत नाही. हाताला पाठांतर होत नाही. सिंथवर कटऑफ कायम तिथेच असतो, अंधारातही.

श्रुतींचा नाद असेल तर अजून एक. पट्ट्यांचे सूर समान अंतराने बांधलेले असतात, गांधार चढाच लागतो. काही नव्या वाद्यांत, उदाहरणार्थ कॉर्गच्या मोनोलॉगमध्ये, प्रत्येक पट्टीचा सूर सेंटमध्ये वेगळा लावता येतो. मूळ जुन्या वाद्यांत ते विसरा. शुद्ध गांधार समान पट्टीपेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. एकदा तो लावून खाली षड्ज धरून बघा, अंगावर येतं.

धुनकी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. परीक्षा दिली.

एका मित्राकडे मोनो आहे. तो घरी आणून बेसची ओळ रेकॉर्ड केली, प्लगिनवर जुळवायला दोन रात्री गेल्या. बायकोने नाणं उडवून ऐकवलं. दहापैकी सहा.

पहिल्या तीन लागोपाठ बरोबर आल्या तेव्हा मी छाती फुगवून बसलो होतो. मग सलग तीन चुकल्या. शेवटच्या दोन मी खरं सांगायचं तर तोंडाला येईल ते बोललो, त्याच बरोबर निघाल्या. बायकोला विचारलं तुला कोणती आवडली, ती म्हणाली दोन वेगळ्या होत्या का?

रात्रपाळी

नुसत्या अंदाजाने सहा किंवा जास्त यायची शक्यता ३८ टक्के असते. म्हणजे तुम्ही नापास. मीही झाले होते, सात आले होते. वाईट वाटून घेऊ नका.

काडेपेटी

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. असो.

धुनकी

थांबा, पुढचं ऐका. निकाल कळल्यावर विषय संपला असंच वाटलं. सिंथ परत द्यायला मित्राकडे गेलो, तर तो म्हणाला दोन आठवडे ठेव, मी बाहेरगावी चाललोय. ठेवला.

पहिले चार दिवस वैताग. कॉर्ड नाही, स्मरणशक्ती नाही, आणि रोज चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं सूर खाली बसायचा. एकदा तर पाऊण तास आवाजच येईना. फिल्टर पूर्ण बंद होता.

पाचव्या रात्री एक लूप लावून डाव्या हाताने कटऑफ हळूहळू उघडत बसलो. घाई न करता. उघडताना एका ठिकाणी रेझोनन्स खालच्या पंचमावर येऊन शिट्टी मारतो हे सापडलं. मग तिथे थांबायचं, जरा मागे यायचं, परत जायचं, असं चालू राहिलं. रेकॉर्ड चालू होतं हे विसरलो होतो. लॅपटॉपकडे पाहिलं तर स्क्रीन झोपला होता. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग निघालं, त्यातली अठ्ठेचाळीस सेकंदं कापून ठेवली आणि त्यांवर बाकीचा तुकडा रचला. झाला तो पूर्ण.

बाकीच्या नऊ रात्रींतून काही हाती लागलं नाही, हेही सांगतो. पण रात्रपाळीताईंनी विचारलं होतं ना, कुठे अडकता. मी प्रीसेटच्या यादीतच अडकतो. यादीच नाही म्हटल्यावर वाजवण्यावाचून इलाज नव्हता. हे प्लगिनवरही करता आलं असतं हे मला कळतंय. चार वर्षांत केलं नाही, एवढंच.

एक_तार

सापडलं तुम्हाला. आता कोणता घेताय?

धुनकी

मोनो, नवा, पूर्ण पॅनेल, आणि आवाज साठवायची सोय असलेला. अर्धमात्रा यांची रात्री अडीचची गोष्ट वाचून तेवढं ठरवलं. जुन्याचा नाद सोडला, हिरवट निळी पापडी स्वप्नात आली होती. गिटार विकतोय, म्हणजे घरात वाद्यांची संख्या तेवढीच राहील असं वर सांगितलंय.

अर्धमात्रा

साठवायची सोय आहे ना, मग माझं काही म्हणणं नाही. तरीही तुकडा झाला की ऑडिओ रेकॉर्ड करून ठेवा. आवाज साठवला तरी ती रात्रीची फिल्टरची फिरवाफिरव त्यात साठत नाही.

सोल्डरबाबा

गिराईक गेलं. अभिनंदन.

धुनकी

मंडळी, आला! पण एक अडचण. यूएसबीने लॅपटॉपला जोडला की बारीक चिरचिर ऐकू येते, माउस हलवला की चिरचिर बदलते. यूएसबी काढली की गप्प. वाद्य सदोष आलं का? परत करू?

सोल्डरबाबा

परत करू नका, वाद्य धडधाकट आहे. हा ग्राउंड लूप. सिंथ आणि लॅपटॉप दोन वाटांनी जोडलेत, एक ऑडिओ केबल आणि दुसरी यूएसबी. दोन्हींतून जमिनीची तार जाते, त्या वर्तुळात लॅपटॉपच्या आतला कचरा फिरतो आणि तुमच्या इंटरफेसमध्ये येऊन वाजतो. खात्री करायची तर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि ऐका.

आवाज गेला तर यूएसबी सोडून द्या आणि जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलने जोडा. १९८३पासूनच्या मिडीच्या नियमात, घेणाऱ्या बाजूला ऑप्टोआयसोलेटर असतो. आत एक छोटा दिवा लुकलुकतो आणि समोरचा सेन्सर तो बघतो, दोघांमध्ये तार नसतेच. तार नाही तर लूप नाही. तुमच्या इंटरफेसला मागे मिडीचं गोल भोक असेल, बघा.

धुनकी

चार्जर काढला, चिरचिर एकदम गेली. मागे गोल भोकंही आहेत दोन, चार वर्षांत पहिल्यांदाच बघितली. केबल उद्या आणतो. बॅटरी ४१ टक्के आहे, तोवर वाजवून घेतो.